केसांच्या पत्रकातली शेवटची ओळ

एखाद्याच्या हाताला काम द्यायच्या आधी त्याच्या मानेवर केस किती आहेत हे मोजायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी एका पत्रकात छापला होता. ठळक अक्षरांत, पानाच्या अगदी वर. तुमच्यापैकी काहींच्या हातात ते पडलंही असेल. हुडकेश्वर रोडवरच्या चहाच्या टपऱ्या, अभ्यासिकांच्या पायऱ्या, धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेरची बाकं, सगळीकडे मी ते स्वतः ठेवत फिरलो होतो. तेव्हा प्रश्न नोकरी देणाऱ्यांना होता. पुढे तो माझ्याच अंगावर आला. तो कसा, हे सांगायला पत्रकाचं एक पान पुरणार नाही.

पत्रकांवरच मी वाढलो. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा मैदानावरून ते एक छापील कागद घेऊन आले, अशी आमच्या घरातली गोष्ट आहे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो नीट घडी करून ठेवला आणि मुलाला शाळेत घातलं. तो मुलगा, म्हणजे माझे बाबा, मोठेपणी छापखान्यात लागले. आमच्या घरी दर रविवारी पत्रकांचे गठ्ठे येत आणि आई, मी, बाबा ओळीने बसून घड्या घालत असू. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होता. बाबांचा एक नियम होता. पत्रकाची शेवटची ओळ अशी हवी, की वाचणाऱ्याला कुठली तरी बाजू घ्यावीच लागेल.

पदवी झाल्यावर मी घराजवळच्या अभ्यासिकेत बसू लागलो. ज्याला इथे मी नुसतं मित्र म्हणणार आहे, तो मला तिथेच भेटला. तो विणकरांच्या घरातला. त्याच्या आजोबांकडे हातमाग होता, वडील आता वायरिंगची कामं करतात. तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचा, आणि मी पुस्तकापेक्षा जास्त त्याचे केस पाहायचो. काळेभोर, सरळ, पाठीपर्यंत. पंख्याच्या वाऱ्याने एखादी बट पुढे आली, की तो न बघता ती कानामागे टाकायचा. मला त्या हालचालीचा राग यायचा. इतक्या सहज कुणी कसं बसू शकतं, असं वाटायचं.

मग मीही केस वाढवले. याचं कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो. मला त्याच्यासारखं दिसायचं होतं. माझे केस मात्र वाढले ते आडवे वाढले. आई म्हणाली, “काहून गा, झाडणीसारखं करून राहिला डोकं?” मी तिला व्यक्तिस्वातंत्र्यावर बरंच काही ऐकवलं. ती शेंगा निवडत राहिली.

एकदा मी मित्राच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई त्याच्या मागे पाटावर बसून केसांतला गुंता सोडवत होती. कंगवा नव्हता, नुसती बोटं. टोकाकडून सुरुवात करायची, एक एक केस सुटा करत वर जायचं, ओढायचं नाही. सुताचा गुंता असाच सोडवतात, काकू म्हणाल्या, सासूने शिकवलं होतं. त्याने डोळे मिटले होते. दारात उभा राहून मला वाटलं, याच्याकडे जे आहे ते मला कुठल्याही सभेत मागून मिळणार नाही.

मी त्याला विचारलं होतं, तू केस का वाढवले? मला त्याच्याकडून एखादा विचार ऐकायचा होता. तो म्हणाला, “चांगले दिसतात म्हणून.” एवढंच. मला ज्यासाठी अख्खी भूमिका लागत होती, ते त्याने तीन शब्दांत मिटवलं.

पत्रकाचं निमित्त एका गाड्यांच्या शोरूममध्ये घडलं. तिथल्या मॅनेजरने माझी गुणपत्रिका उघडलीच नाही. वर पाहून म्हणाला, आधी कटिंग करून या. मी तसाच बाबांच्या छापखान्यात गेलो आणि उभ्याउभ्या मजकूर लिहिला. वरचा प्रश्न लिहिला. मध्ये, आमच्या लोकांनी काय घालावं, कुठून चालावं, कसं दिसावं हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी कसं ठरवलं, ते लिहिलं. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. आणि खाली, बाबांच्या नियमाप्रमाणे, शेवटची ओळ टाकली: केस कापून नोकरी घेणारा आपला नाही.

घड्या घालायला मित्र आला होता. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली, मग म्हणाला, “लय कडक आहे बे.” मी ती स्तुती समजलो.

इथे आमच्या अभ्यासिकेतली एक रीत सांगायला हवी. नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्ती, नातेवाईक सोडून. मोठ्या घरातली मुलं तिथे साहेब लोकांची नावं लिहितात. आम्ही एकमेकांचे नंबर लिहायचो, बनावट नावांनी. कागदावर मी मित्राचा कुरिअर ऑफिसमधला वरिष्ठ होतो, तो माझा शिकवणी वर्गाचा संचालक. फोन आला, की ज्याचा नंबर दिला असेल त्याने बाहेर जिन्यात जायचं, घसा साफ करायचा आणि भारदस्त आवाजात सांगायचं, हो, माझ्या हाताखाली होता, चांगला मुलगा आहे. हे खोटं होतं, पण त्याची लाज कुणाला वाटत नव्हती. त्या रकान्यानेच आम्हाला बाहेर ठेवलं होतं. या रीतीत एकानेही दुसऱ्याचं काम कधी बिघडवलं नव्हतं.

मग धंतोलीतल्या एका दवाखान्यात जागा निघाली. रुग्ण मदत कक्षात बसायचं. गडचिरोलीपासून वाशिमपर्यंतची माणसं पेशंट घेऊन येतात, त्यांना कागदपत्रं समजावून सांगायची. जागा एकच होती. आम्ही दोघांनी अर्ज केला, आणि मला सोमवारी बोलावलं, त्याला मंगळवारी.

रविवारी मी केस कापले. आमच्या भागातला न्हावी ओळखीचा, म्हणून सक्करदऱ्याला गेलो. खुर्चीत बसल्यावर वाटलं होतं, काहीतरी तुटेल आतून. काही तुटलं नाही. आरशात एक नोकरी मागणारा मुलगा दिसला.

मित्राला मी सांगितलं, डोक्यात फोड आले होते, डॉक्टरने कापायला लावले. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मस्त दिसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने पिशवीत कडुनिंबाचा पाला पाठवला, आंघोळीच्या पाण्यात टाकायला. तो पाला मी अभ्यासिकेमागच्या नाल्यात टाकला.

मुलाखत एक मॅडम घेत होत्या. त्यांनी बाहेरच्या बाकावरच्या एका आजोबांना आत बोलावलं आणि मला म्हणाल्या, यांना सरकारी योजनेत ऑपरेशन करायचं आहे, समजावून सांगा. मी सांगितलं. योजना कशासाठी आली, तिच्यात त्यांचा हक्क कुठे, तो कोण आणि कसा नाकारतं, सगळं सांगितलं. चांगलं बोललो. आजोबांनी मन लावून ऐकलं, शेवटी हात जोडले आणि विचारलं, “मंग आता कागद कोणता आणू, साहेब?”

मंगळवारी मित्राने काय केलं, ते मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्याच्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. तीन कागद लागत होते, ते त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि झेरॉक्सचं दुकान दाखवलं. केस मागे बांधून गेला होता.

गुरुवारी मला नकाराचा मेसेज आला. त्याला आला नाही. टपरीवर चहा पिताना त्याने सांगितलं, की मॅडम केसांकडे पाहत होत्या, पण बोलल्या काही नाहीत. आता फक्त ओळखीच्या व्यक्तीला फोन करणार आहेत. म्हणजे मला.

“आणि केस कापा म्हणाल्या तर?” मी विचारलं.

“कापून टाकीन. केस काय, येतात परत.”

“मग पत्रक?”

“पत्रक तुहं आहे बे. मी घड्या घातल्या फक्त.”

तो हसत होता. मी हसलो नाही. मी केस गमावले होते आणि नोकरीही. त्याच्याकडे केस होते, नोकरी हातात येत होती, आणि केस तर तो हसत सोडायला तयार होता. मत्सर म्हणजे दुसऱ्याकडचं आपल्याला हवं असणं, असं मी समजत होतो. त्या दिवशी मला त्याचं काही नको होतं. त्याच्याकडे ते नसावं, एवढंच हवं होतं.

फोन शुक्रवारी दुपारी आला. मी जिन्यात गेलो, घसा साफ केला. आवाज त्याच मॅडमचा होता. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी मित्राबद्दल विचारलं, मी ठरलेलं सगळं नीट सांगितलं. वेळेवर यायचा, प्रामाणिक आहे, लोकांशी गोड बोलतो. हे सगळं खरंच होतं.

मग त्या म्हणाल्या, “शेवटचं एक. मुलगा आम्हाला आवडला आहे. पण त्याचे केस आमच्या नियमात बसत नाहीत. सांगितलं, तर कापेल का?”

मला उत्तर माहीत होतं. आदल्याच दिवशी चहाच्या ग्लासावर ते मी ऐकलं होतं.

“नाही, मॅडम,” मी म्हणालो. “तत्त्वाचा मुलगा आहे. तो नाही कापणार.”

 असं होय, त्या म्हणाल्या, आणि आभार मानून फोन ठेवला.

बोलताना माझा आवाज कापला नाही, हे मला आठवतं. एखाद्या सभेत बोलावं तसा तो ठाम होता. मी पायरीवर बसलो, मानेवरून हात फिरवला, तिथे बारीक खुंट लागले. मला बरं वाटत होतं. मी आत गेलो, तेव्हा मित्राने पुस्तकावरून भुवया उंचावून विचारलं. मी अंगठा वर केला.

आठ दिवस तो थांबला. रोज यायचा, फोन उलटा ठेवायचा, पुन्हा सरळ करायचा. नवव्या दिवशी आला तो ओळखू आला नाही. केस गेले होते. कान मोठे दिसत होते, चेहरा लहान. तो त्याच्या खुर्चीवर बसला नाही. माझ्या टेबलाजवळ आला आणि जिन्याकडे मान हलवली.

जिन्यात त्याने सगळं सांगितलं. सकाळी आईने वेणी घालून ती कात्रीने कापली होती आणि तो सरळ दवाखान्यात गेला होता. मॅडमना वाईट वाटलं. जागा परवाच भरली होती. तुमच्याच साहेबांनी सांगितलं की तुम्ही कापणार नाही, म्हणून आम्ही पुढच्याला बोलावलं, असं त्या म्हणाल्या.

“काहून केलं बे?”

मी तत्त्वापासून सुरुवात केली. त्याने मोकळ्या मानेवरून हात फिरवला. दुसऱ्या वाक्याला मी थांबलो. “जळत होतो,” मी म्हणालो.

“कायच्यावर?”

“तुझ्या केसांवर. पहिल्या दिवसापासून. आणि फोड वगैरे काही नव्हते. मुलाखतीसाठीच कापले होते मी.”

यावर तो थोडा हसला, पण ते हसू लगेच गेलं. तो कठड्याला टेकला. “तू तिले म्हणाचं होतं, त्यालेच विचारा. बस. तेवढंच म्हणाचं होतं.”

 जाता जाता तो म्हणाला, “ते शेवटची ओळ खोडून टाक पत्रकातली. मी तर मुलाखतीच्या आधीच कापून जाणार होतो. तुले वाईट वाटन म्हणून नाही कापले.”

तो अभ्यासिकेत परत आला नाही. आता तो बुटीबोरीला एका सूत गिरणीत आहे. तिथे केस टोपीखाली ठेवावे लागतात, आणि तो नियम मला मान्य आहे, कारण यंत्र माणसाची मान ओढू शकतं. माणसाला धोका असतो तिथे नियम असावा. नजरेला खुपतं एवढ्यासाठी असू नये, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन. मी बाबांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. माझे केस पुन्हा वाढले आहेत, आडवेच. दिवाळीला मी त्याच्या घरी गेलो होतो, तो कामावर होता. काकूंनी चिवडा दिला. त्याची वेणी त्यांनी पेटीत ठेवली आहे, सासऱ्यांच्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशेजारी, सुती कापडात गुंडाळून. त्यांनी ती मला काढून दाखवली. मला तिचाही मत्सर वाटला. मी कापलेले माझे केस सक्करदऱ्याच्या दुकानात झाडूने लोटले गेले, मी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे उरलेल्या प्रतींवर मी शाई फिरवली आहे. ज्या वाटल्या, त्या परत आणता येत नाहीत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, वहीत, दवाखान्याच्या फायलीत कुठे ते पत्रक राहिलं असेल, तर आज ते काढा. वरचा प्रश्न राहू द्या. शेवटची ओळ पेनाने अशी खोडा, की वाचता येणार नाही. तिच्या जागी तुमच्या अक्षरात दोन शब्द लिहा: त्यालाच विचारा. आणि मग ते पत्रक टपरीवर, बाकावर, कुणाला दिसेल अशा जागी परत ठेवा.