भिंगमामांचे डोळे

भिंगमामांनी नाणं हातात घेतलं की समोरच्याचा चेहरा आधीच पडायचा. गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं भिंग डोळ्याला लावून ते दुकानाच्या दारात उजेडाला जायचे आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "खोटं हाय." गोड करून सांगणं त्यांना जमतच नसे. एका जावयाला दिवाळसणात मिळालेली मोहर त्यांनी सासऱ्यांच्या देखत खोटी ठरवली होती. ते सासरे पुन्हा त्या बोळात फिरकले नाहीत.

दुकान भांड्यांचं, महाद्वार रोडच्या मागे. नाणी हा त्यांचा नाद. मी बँकेत नोकरीला, पण नाद तोच, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. चहा यायचा, भांडी घेणारं गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मामा मला नाण्याच्या कडेवरचे दाते दाखवत बसायचे.

अलीकडे नाणी डबीबंद येऊ लागली होती. परदेशातली कंपनी नाणं तपासते, त्याचा दर्जा ठरवते आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचं बंद करते. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. खोटी नाणी पाडणाऱ्यांनी मग डब्याही खोट्या करायला घेतल्या. मामांना या डब्यांचा भयंकर राग. नाणं वाजवता येत नाही, तोलता येत नाही, बोट फिरवता येत नाही. लोक चिठ्ठीवरचा नंबर मोबाइलवर टाकायचे, कंपनीच्या साइटवर नाण्याचा फोटो आला की खूश व्हायचे. मामा तोच फोटो मोठा करून बघायचे. राणीछाप रुपया असला तर फोटोतल्या राणीच्या गालावर बारीक ओरखडा असायचा, डबीतल्या राणीचा गाल स्वच्छ. नंबर खऱ्या नाण्याचा चोरलेला असे. "डबीला काय बघताय, आतलं बघा की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पेठ वडगावचे आबा हे मामांचे शाळेपासूनचे दोस्त. बायको गेल्यावर आबा पार मिटून गेले होते. मुलगा पुण्याला, घरात बोलायला कुणी नाही. दुकानात येऊन बसायचे, चहा निवून जायचा तरी कप उचलायचे नाहीत. एका रविवारी मात्र ते हसत आले. मोबाइलवरून कुणाकडून तरी डबीतला राणीछाप रुपया मागवला होता, दुर्मीळ सालाचा. म्हणाले, पुण्याच्या नातीला फोनवर दाखवला, ती आजोबांना शाबास म्हणाली.

मामा डबी घेऊन दारात गेले. मीही मागून डोकावले. नाण्यावरची अक्षरं कडेला विरघळल्यासारखी दिसत होती आणि डबीच्या सांध्यावर गोंदाची पांढरी रेघ होती. मला कळलं म्हणजे मामांना कळलंच असणार. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "चांगलं हाय."

आबा घरी गेल्यावर मी मामांकडे नुसतं बघितलं. ते भिंग पुसत म्हणाले, "किती म्हैन्यांनी हसलाय त्यो. एक नाणं हाय, ऱ्हाऊ दे."

पण ते एक राहिलं नाही. मामांनी चांगलं म्हटलंय म्हटल्यावर आबांनी त्याच माणसाकडून दुसरं घेतलं, मग तिसरं. दर वेळी मामा दारात जायचे आणि तसेच परत यायचे. पहिलं चांगलं म्हणून बसल्यावर दुसरं खोटं कुठल्या तोंडानं म्हणणार? मी एकदा म्हटलं, आता सांगून टाका. ते माझ्यावरच खेकसले आणि त्या दिवशी चहाही सांगितला नाही. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव आबांनी या डब्यांत घातल्याचं आम्हाला फार उशिरा समजलं.

नातीचं इंजिनिअरिंग ठरलं तसे आबा डब्या घेऊन पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात विकायला गेले. पहिल्याच स्टॉलवाल्यानं चार लोकांत डबी परत सरकवली. दुसऱ्यानंही तेच केलं. आबा तिथून थेट दुकानात आले. आता हे मामांची गचांडी धरतात की काय, असं मला वाटलं. मामाही उभे राहिले होते, बोलायला तोंड उघडलं होतं.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दिसत न्हवतं तर सांगायचं न्हाईस व्हय लेका? डोळं तपासून घेऊ तुझं."

मामा खाली बसले. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पुढे त्यांनी नातीची फी भरायचा हट्ट धरला. आबांनी ऐकलं नाही, "त्यात तुझी काय चूक," म्हणाले आणि तिला पुण्यातच साध्या कॉलेजात घातलं.

त्यानंतर मामांनी कुणाचं नाणं बघितलं नाही. लांबून कुणी आलं तरी म्हणायचे, "मला दिसत न्हाय आता, पावणं." गल्ल्याशी बसून बारीक अक्षरातला पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस! आबांची चाहूल लागली की पेपर घडी होऊन पाटाखाली जायचा. आबा त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून द्यायचे, फुटपाथ आला की सांगायचे. आणि मामा मान खाली घालून, पाय चाचपत त्यांच्याबरोबर चालायचे. मला ते बघवत नसे. मी रविवारचं जाणं कमी केलं.

गेल्या वर्षी मामा झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा आबा घरातल्यासारखे दारात बसून आल्यागेल्याला सांगत होते, "डोळ्यांनी दगा दिला त्येला. पर जिंदगीत खोटं बोलला न्हाय."

माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय की न्हाय, बाई? तुमी तर तिथंच बसायचा."

मी म्हटलं, "व्हय आबा."