घरचाच माणूस बोलतोय

आता काय सांगू तुम्हाला, चांगला आवाज असणं हासुद्धा गुन्हाच असतो!

मी लग्नाबारशात माईक धरणारा माणूस. या निवडणुकीत शहरातल्या एका उमेदवारानं माझ्या आवाजात फोन रेकॉर्ड करून घेतला. "नमस्कार! ओळखलं का? मी तुमच्या घरचाच माणूस बोलतोय!" मग पुढं मत मागायचं. माझ्या फोनवर तो कधी आलाच नाय, म्हणून मी विसरूनही गेलो.

त्यातच आमच्या मनीषाला शहरातल्याच गारखेड्याचं स्थळ आलं. पाहणं झालं, त्यांचा होकार आला. मेव्हण्यानं पोराच्या बापाचा नंबर दिला अन् निरोपही. "आज सांजपर्यंत कळवा, त्यांच्याकडं दुसरं स्थळ थांबलंय." पोरीला पोरगा लई आवडलेला. मी ऐटीत फोन लावला.

"नमस्कार! ओळखलं का? मी तुमच्या घरचाच..."

कट!

पुन्हा लावला. "नमस्कार!" कट! तिसऱ्यांदा पोराचा बाप कडाडला, "लाज वाटत नाय? काल प्रचार संपला! आता असले फोन करायला बंदी आहे. तक्रार करतो!"

कसला प्रचार? पाहण्याच्या दिवशी पोरीचं जरा कौतुक केलं, त्याला प्रचार म्हणतात व्हय? अन् बंदी कुणी घातली? माझं डोकंच चालंना.

बायको म्हणाली, "तुम्हीच काहीतरी वाकडं बोलला असाल."

"अगं, नमस्काराच्या पुढं गेलोच नाय!"

तिकडं पोरगी भरल्या ताटावरून उठली. मला तर रडूच यायला लागलं. शेवटी बायकोला स्कूटरवर बसवलं अन् गारखेडा गाठला. दार उघडलं, तसं सवयीनं तोंडातून निघालं, "नमस्कार! ओळखलं का?"

आतून म्हातारी ओरडली, "अरे, बंद कर ते मेलं! आता तर फोन न उचलताच बोलाया लागलं!"

पोराचा बाप फोनकडं बघतो, माझ्याकडं बघतो. "म्हणजे आठवडाभर जेवताना, झोपताना आमचं डोकं खाणारे... तुम्ही?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला! बायकोच पुढं झाली अन् म्हणाली, "आमचा होकार आहे." सोयरीक जमली बुवा! व्याह्यांनी पेढा पुढं केला. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"थांबा!" व्याही म्हणाले. "मतदान उद्या आहे. तोवर तुम्ही बोलायचं नाय. नियम आहे!"