आईनं पाठ केलेला हुकूम

तिसरीपर्यंत मी वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसून शिकले. शाळा सोलापूरच्या म्युनिसिपालिटीची, मुलींची. आमच्या जातीच्या आम्ही तिघी उंबऱ्याशी पाट्या घेऊन बसायचो. तिथून फळ्याची डावी बाजू तेवढी दिसे. गणित मांडलेलं कळायचं, उत्तर मात्र कानांनी टिपावं लागायचं.

आई गिरणीत कामाला होती. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा तिच्या खात्यातल्या कारकुनानं सांगितलं, म्युनिसिपालिटीच्या कचेरीबाहेर हुकूम लावलाय, जातीवरून कुठल्याही मुलाला वर्गाबाहेर बसवायचं नाही. सुट्टीच्या दिवशी आईनं त्यालाच तिथं नेलं आणि हुकूम वाचून घेतला. एकदा नाही, पाठ होईपर्यंत. बिचारा शेवटी घसा खाकरत होता.

सोमवारी ती माझ्याबरोबर शाळेत आली. हेडमास्तर म्हणाले, "असला हुकूम माझ्याकडं आलेला नाही."

"न्हाय म्हंता? मग ऐका की."

हात जोडून तिनं सगळा हुकूम म्हणून दाखवला. घरी कधी न बोललेले जड जड शब्द, एकही न चुकता. हेडमास्तर उठले. कपाटातल्या दोन-तीन गठ्ठ्यांखाली तो कागद निघाला. त्यांनी उभ्यानंच वाचला.

"शब्दन् शब्द बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "पण बाकीचे पालक माझ्यावर तुटून पडतील हो."

"त्यास्नी बी कागद वाचून दावा."

त्या दिवशी आम्ही तिघी आत बसलो. माझ्या शेजारी एक विणकराची मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी. तिनं दप्तर ओढून जागा केली. मी अख्खा फळा बघत राहिले, बाईंनी दोनदा हाक मारली तरी भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच मुली आल्या नाहीत. पण हेडमास्तरांचं सांगायला हवं, ते कागद घेऊन घरोघर गेले. पंधरा दिवसांत दोघी सोडून सगळ्या परतल्या. त्या दोघींची आठवण मला अजून येते; त्यांचं पुढं काय झालं, कळलं नाही.

मग आमच्या गल्लीतल्या बायका आईकडं यायला लागल्या. कुणाच्या मुलाचं नाव शाळेत घालत नव्हते, कुणाचा दाखला अडला होता.

"मला काय ठावं?" आई म्हणायची. "चला, कुटं लिवलंय ते बघू."

आणि मला घेऊन निघायची. आता वाचायला मी होते.