बधिर पाय आणि थोरली जाऊ

मिहीर, सई,

तुमच्या पुण्याच्या आजीचा उजवा गुडघा बदलायचा ठरला आहे, असं बाबांनी रविवारी फोनवर सांगितलं. ती फार घाबरली आहे, हेही सांगितलं. मी पडले विहीण. मी थेट फोन करून चार गोष्टी सांगितल्या तर तो उपदेश वाटेल, आणि तिच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही तिला हे फोनवर वाचून दाखवा. सईला जोडाक्षर अडलं तर मिहीरने पुढे वाचावं. नातवंडांनी सांगितलेलं ती ऐकेल.

माझ्या डाव्या गुडघ्याचा निकाल एका एक्स-रेवर लागला. तुम्ही दोघं तेव्हा फारच लहान होता. सर्जननी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाने दाखवलं. "बाई, इथे दोन हाडांच्या मध्ये फट दिसायला हवी. दिसते का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. "नाही दिसत."

"कारण ती उरलीच नाही."

त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. सांध्यात गादीसारखं एक मऊ आवरण असतं. ते झिजलं की हाडावर हाड घासतं. टोटल नी रिप्लेसमेंट म्हणजे ती झिजलेली टोकं कापून त्यावर धातूच्या टोप्या बसवायच्या आणि मध्ये प्लास्टिकची नवी गादी ठेवायची. अख्खा पाय बदलत नाहीत. हे पुण्याच्या आजीला आवर्जून सांगा, कारण मलाही आधी तसंच वाटलं होतं.

ऑपरेशनची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्यानंतरच्या व्यायामाची, आणि तिला कारण होतं. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या अहिरेबाईंचा गुडघा आधीच्या वर्षी बदलला होता. ऑपरेशन उत्तम झालं. पण दुखतं म्हणून त्यांनी पाय वाकवलाच नाही, आणि गुडघा अर्ध्यावर अडकून राहिला. रिक्षात बसल्या की त्यांचा पाय बाहेर यायचा. त्या तळमजल्यावर राहत होत्या म्हणून निभावलं. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि सोसायटीला लिफ्ट नाही.

तुमचे आजोबा नोटांच्या प्रेसमध्ये होते. नाशिक रोडचं हे घर त्यांनी हौसेने घेतलं. ते गेल्यावर मी इथे एकटी राहत होते आणि मला तसंच राहायचं होतं. संदीपने, म्हणजे तुमच्या बाबांनी, स्वच्छ सांगितलं होतं, "आई, जिने चढता आले तर ठीक. नाही आले तर फ्लॅट विकायचा आणि तू इकडे यायचंस." तुम्ही मला हवे आहात, पण तुमच्या परदेशातली ती थंडी नको आहे. म्हणजे गुडघा वाकण्यावर माझं घर अवलंबून होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर भेटायला आल्या. तरुण बाई, केसांची घट्ट वेणी. मी म्हटलं, "मी सोशिक आहे. दोन बाळंतपणं आवाज न करता काढली आहेत."

त्या हसल्या. "आजी, इथे सोसण्याचं बक्षीस नाही. तुम्ही सोसत पडून राहिलात तर गुडघा आखडेल. मला तुमचं दुखणं थांबवायचंय, कारण मला तुमचा पाय वाकवायचाय."

मग त्यांनी नर्व्ह ब्लॉक समजावला. मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्याकडे एक जाड नस जाते, तिला फेमोरल नर्व्ह म्हणतात. त्या नसेजवळ बारीक नळी बसवायची आणि छोट्या पंपातून तिच्यावर बधिर करणारं औषध सोडत राहायचं. "तुम्ही नाशिक रोडच्या ना?" त्या म्हणाल्या. "मग असं समजा, दुखणं ही मनमाडहून येणारी गाडी. आपण सिग्नल लाल करून ठेवतो. गाडी आहे, पण स्टेशनात येत नाही. फक्त लक्षात ठेवा, सिग्नल दोन्ही बाजूंना लाल आहे. इकडून तिकडे जाणाऱ्या गाड्याही अडतात."

मला उपमा इतकी आवडली की मी तिचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा तिथेच राहू दिला.

ब्लॉक देताना दुखत नाही. जांघेजवळ इंजेक्शन देऊन कातडी बधिर करतात, मग नर्व्ह स्टिम्युलेटर नावाच्या यंत्राने नस शोधतात. नस सापडली की मांडीचा स्नायू आपोआप उडतो. मी पाहत होते आणि माझी मांडी माझ्या परवानगीशिवाय उड्या मारत होती. डॉक्टर म्हणाल्या, "सापडली बरं का!" ऑपरेशन पाठीतल्या इंजेक्शनवर झालं. त्याची भूल उतरली तरी गुडघ्याची पुढची बाजू शांत होती. मागच्या बाजूला, लवणीत, मात्र ठणका होता. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. मागची बाजू दुसऱ्या नसेकडे असते. त्याला गोळ्या देतात, आणि त्या आपण होऊन मागायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी माझा पाय सीपीएमवर ठेवला. हे यंत्र पाय हळूहळू वाकवतं आणि सरळ करतं. गुडघा वाकताना मला दिसत होता आणि दुखत नव्हता. मी खूश होते. मनात मी जिने चढूनही झाले होते.

दुपारी यंत्र काढलं. पायाला लावायचा लांब पट्टा, नी ब्रेस, अजून बांधायचा होता. फिजिओथेरपिस्ट नीताने मला पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं. "आजी, नुसतं बसायचं. वॉकर घेऊन आलेच," असं सांगून ती दाराबाहेर गेली. तेवढ्यात आक्का आल्या.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, घोटीच्या. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय, मिहीरला त्यांनी भाताच्या खाचरात उभं केलं होतं तेव्हा. मी लग्न होऊन त्या घरात गेले त्याआधीच सासूबाई वारल्या होत्या, त्यामुळे थोरली जाऊ हीच सासू. त्या ओसरीवर आल्या की बसलेल्या धाकटीने उठायचं. मला हे कोणी शिकवलं नाही आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही, पण मी उठायचे. पुढे शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. दिवसभर वर्ग माझ्यासाठी उभा राहायचा, आणि सणावारी घोटीला गेलं की मी आक्कांसाठी.

तर आक्का दारात आल्या. नऊवारी, हातात पेजेचा डबा. "कशी हायेस गं शाले?" एवढंच म्हणाल्या.

मी उभी राहिले.

विचार करून नाही. दुखणं असतं तर त्याने मला बसवून ठेवलं असतं. दुखणं नव्हतं, म्हणून जुनी सवय मोकळी होती. डावा पाय जमिनीला टेकला आणि ओल्या कापडासारखा दुमडला. सिग्नल दोन्ही बाजूंना लाल होता, हे मला तेव्हा कळलं. माझा हुकूम मांडीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

मला धरलं आक्कांनी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने डबा टाकला, दोन्ही काखांत हात घातले आणि मला घेऊन हळूच जमिनीवर बसल्या. माझं सगळं वजन त्यांच्या मांडीवर. आजूबाजूला पेज.

"अगं बया! पाय कुठं ठेवलास तुझा?"

"बधिर केलाय, आक्का."

"बधिर केलाय म्हायती हाय, आन् मग उठलीस कशापायी?"

"तुम्ही आलात म्हणून."

आक्कांनी मला तशीच धरून ठेवली आणि दाराकडे बघून नर्सला हाक मारली.

धावपळ झाली. जखम तपासली, नवीन एक्स-रे काढला. टाके शाबूत, सांधा जागेवर. माझी मान तेवढी खाली. पण खरा प्रश्न त्यानंतर आला. संध्याकाळी संदीपचा फोन. त्याचा आवाज चढलेला. "आई, आधी ती नळी काढायला सांग. पायच जागेवर नसेल तर काय उपयोग?" आक्कांचंही तेच. "पाय मारून ठेवलाय यांनी. दुखू दे की! दुखलं तर माणूस जपून ऱ्हातं."

आक्कांचं चूक नव्हतं. सर्जननीही निर्णय माझ्यावर सोडला. नळी काढली तर इंजेक्शनं आणि गोळ्या देता येतील, पण व्यायामाला जास्त दुखेल. नळी ठेवली तर पुन्हा पडण्याचा धोका.

मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. त्यांना विचारलं, "दुखणं अडवून थोडी ताकद परत देता येईल का?"

"पंपाचा वेग कमी करते. थोडं दुखेल. पण पाय सरळ उचलता येतोय का हे बघितल्याशिवाय उभं करायचं नाही, आणि ब्रेस बांधल्याशिवाय तर नाहीच."

मी म्हटलं, "मग नळी राहू दे."

संदीपला पुन्हा फोन लावला. मी त्याला सांगितलं, "पडले ते ब्लॉकमुळे नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी अर्धंच ऐकलं. आता पूर्ण ऐकते." मला अहिरेबाईंचा रिक्षाबाहेर आलेला पाय दिसत होता. पडण्याच्या भीतीपेक्षा ती भीती मोठी होती.

जाताना डॉक्टर आक्कांकडे वळल्या. "आजी, ह्या तुम्हाला बघून उठतात. औषध मी बघते. हे तुम्ही बघा."

आक्कांनी ते मनावर घेतलं. त्या गावी परत गेल्याच नाहीत, पुतणीकडे राहिल्या. रोज दुपारी व्हरांड्याच्या टोकापासूनच त्यांचा आवाज यायचा, "शाले, बसलीयेस का? बस! म्या येतीय, उठायचं नाय!" सगळ्या वॉर्डला माझं नाव पाठ झालं. आत आल्या की माझ्याकडे न बघता थेट खुर्चीत बसायच्या, म्हणजे मला उठायला जागाच राहू नये. समोरच्या पलंगावरच्या बाई एकदा म्हणाल्या, "सासू आहेत का हो?" आक्का म्हणाल्या, "नाय, पोलीस हाय."

पंपाचा वेग कमी केल्यावर दुखायला लागलं. खोटं सांगत नाही. पण ते सहन करून काम करण्याजोगं दुखणं होतं, दात आवळून पडून राहण्याचं नव्हतं. नीता पाय वाकवायची. मी तोंडाने श्वास सोडायचे. आक्का खुर्चीतून म्हणायच्या, "वाकतोय गं, वाकतोय." नळी काढली त्या दिवशी ठणका वाढला, त्याची तयारी ठेवा. तोपर्यंत गुडघा काटकोनात वाकत होता. तिथून पुढे गोळ्या, बर्फाची पिशवी आणि हट्ट.

घरी आले तेव्हा बिल्डिंगचे लोक खुर्चीत बसवून वर न्यायला उभे होते. मी नको म्हटलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे नीताने घोकून घेतलं होतं. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काठी. मधल्या वळणावर थांबून श्वास घेतला. आक्का एक पायरी मागे, पदर खोचून, पुन्हा झेलायला तयार.

वर आल्यावर मी खुर्चीत बसले. आक्का आत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. तांब्या ठेवल्याचा आवाज आला. त्या परत आल्या, दारात थांबल्या, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. हॉस्पिटलमध्ये इतके दिवस त्यांनी हेच टाळलं होतं.

"आता ऊठ," म्हणाल्या.

मी हातावर जोर न देता उठले. पाय माझाच होता. आक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "बस आता. लय झालं."

पुण्याच्या आजीला सांगा, ब्लॉक घे. दुखतं तेव्हा सांग, लपवू नकोस. आणि पाय बधिर असेल तोवर देव जरी दारात आला तरी उठू नकोस. तिच्याही घरी कोणीतरी असेल, ज्यांच्यासाठी ती उठते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

मांडी घालून मला बसता येत नाही. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बोटभर जागा अजून बधिर आहे, तिथे माशी बसली तरी कळत नाही. आक्का आता घोटीहून येत नाहीत, त्यांना प्रवास झेपत नाही. मी बसने जाते. त्या खाटेवर असतात. त्या "बस" म्हणेपर्यंत मी उभी असते. गुडघा वाकतो, दुसरा मजला अजून माझा आहे.

तुमची,
नाशिकची आजी