पानवाल्याची द्राक्षं

आमचा पानमळा सातपाटीच्या अलीकडे. विड्याची पानं पिकवणारं घर. मळ्यात चप्पल घालून शिरायचं नाही आणि वेलीला तहानेलं ठेवायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्याच मळ्याचा अर्धा तुकडा मी आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, द्राक्षासाठी मागून घेतला. नाशिकला वाईन बनवणाऱ्या एका मित्राने माझ्या डोक्यात भुंगा सोडला होता: पांढरी वाईन, गोडवा नसलेली, त्याच वर्षी प्यायची, जिभेवर चुरचुरणारी. या दमट हवेत द्राक्ष येत नाही असं गावभर बोलत होते, म्हणून तर मला जास्तच चेव आला. आबांची अट एकच.

"पयली वाईन फसली, तर येली उपटायच्या नि परत पान लावायचं."

वेली लावल्या, त्या मांडवावर चढल्यावर दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात छाटणी केली, घड धरले. मणी भरायला लागल्यावर मित्राचा फोन आला. "आता पाणी तोड. वेलीला ताण बसला तरच चव उतरेल." मी हो हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात बोईसरहून कामावरून आलो तर पानं मलूल. एरवी मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण सुकणारी वेल माझ्याच्याने बघवेना. आबा देवळात गेले की मी गुपचूप पाइप सोडायला लागलो.

द्राक्षं मित्राकडे गेली आणि उन्हाळ्यात तो बाटल्या घेऊन आला. अंगणात शेजारी, मेहुणे, तळलेली पापलेटं. मी मोठ्या तोऱ्यात ग्लास भरले. मित्राने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"पाणचट झालीय रे. पाणी तोडलं नव्हतंस?"

"पानवाल्याची द्राक्षं, दुसरं काय होणार," मेहुणे म्हणाले आणि सगळे हसले. तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज आला.

"पानी मी सोडलं. माजी चूक हाय. त्याला नका बोलू."

तिथेच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जन्मात ताडीलाही न शिवलेला म्हातारा माझ्या वाईनपायी चारचौघांत मान खाली घालून बसला, आणि मी पापलेटाचे काटे काढत राहिलो. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

सकाळी कोयता घेऊनच मळ्यात गेलो. आबा पानं खुडत होते.

"आबा, उपटतो वेली. पाणी मी सोडत होतो."

"ठाव हाय." त्यांनी वरही बघितलं नाही. "अनवानी फिरतो मी. तुज्या येलींखाली रोज पायाला वल लागायची."

"मग मला अडवलं का नाही?"

"मलाबी बगवत नव्हतं." हातातली पानं त्यांनी टोपलीत ठेवली. "र्‍हाऊ दे येली. यंदा पानी तोड. मी त्या बाजूला येनार नाय."

आता पुन्हा मणी भरलेत आणि पाणी बंद आहे. विहीर द्राक्षांच्या पलीकडे आहे. आबा गुडघे धरत, बांधावरून लांबचा वळसा घालून तिथे जातात.