चढणीचा ट्राउट आणि बाबांचा हट्ट

सिडनीतल्या माझ्याकडच्या मुक्कामात बाबांनी एकच गोष्ट मागितली. युरोपातून आणून इथल्या नद्यांत सोडलेला ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर, म्हणजे इथल्या मे महिन्यात, अंडी घालायला नदी चढतो, तो बघायचा. आमच्या कोकणात पहिल्या पावसात ओढे चढणाऱ्या अशांना चढणीचे मासे म्हणतात. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान. "या गुडघ्यांनी मी पुन्हा येणार नाही," म्हणाले. वेस्टमीडच्या लॅबमधली शिफ्ट बदलून शनिवारी निघालो.

निघालो कसले! वेंटवर्थव्हिलला वाटेतला खाऊ घ्यायला थांबलो, तर दुकानातल्या काकूंनी विचारलं, "काय गं, कुठे निघालात?"

संपलं. माशांवर निघालेल्याला 'कुठे' विचारायचं नसतं.

"घरी चल. जरा बसून परत निघू," बाबा म्हणाले.

"बाबा, आपण नुसते बघायला चाललोय!"

"ते माशाला काय माहीत?"

घरी बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. दीड तास गेला.

कॅनबेरा, कूमामार्गे मुक्कामाचं गाव जिंडाबाइन पाच-साडेपाच तास. रस्ता सुरेख, पण संध्याकाळी कांगारू आडवे येतात, म्हणून उजेडात पोचा. आम्ही अर्थातच अंधारात पोचलो. केबिनचा हीटर चालतो का, तेही आधी विचारा. आमचा नुसता घुरघुरत होता.

रविवारी तिथल्या नॅशनल पार्कचा पास काढून थ्रेडबो नदीवर गेलो. तीन तास काठावर कुडकुडलो, एक मासा दिसेना.

"त्या बाईने विचारलं ना, म्हणून," बाबा म्हणाले.

"आता एक शब्द बोललात तर मी गाडीत जाऊन बसेन!"

तेवढ्यात गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला हात केला. त्यांच्या हातजाळीत चांगला हातभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट होता. पोट टम्म फुगलेलं.

"गाबोळी आहे!" बाबांचा चेहरा उजळला. "विचार, देतो का."

मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी विचारलं.

"सॉरी मेट, पोटात अंडी आहेत तिच्या," आजोबा म्हणाले. त्यांनी तिला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. शेपटी हलली आणि ती वर निघून गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत बाबा पाण्याकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आम्ही गाबोळीवालेच वेचून खाल्ले गं. आणि मासे चढत नाहीत म्हणून गावच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याला शिव्या देत बसलो."

घरी आल्यावर मला आठवडाभर सर्दी. एवढ्यासाठी एवढं ड्रायव्हिंग, असं वाटत होतं, तोवर जूनमध्ये बाबांचा गावाहून फोन आला. ओढ्यावर गेले होते. एकच मासा मिळाला, गाबोळीचा.

"मग?"

"सोडला. सगळी वाडी हसली."

"आणि तुम्ही?"

"मी काय? घरी येऊन वरणभात गिळला!" बाबा खेकसले.