माझं एकटीचं 'नाही'

मंदा गेल्याचं मला फिलोमिनाने फोन करून सांगितलं. रडू यायच्याही आधी मनात आलं, हिला माझ्याआधी कसं कळलं? गुरुवार होता. गुरुवारी मंदा माहीमला हिच्याकडेच असायची. तिथेच कापड बेतताना छातीत दुखलं, आणि... लालबागच्या चाळीत तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले मी, आणि शेवटचं पाणी पाजलं हिने. महिना झाला, तरी हे मनातून जात नाही.

मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. मंदा कोणालाही बोलतं करायची. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणारा आमचा सहाजणींचा गट तिनेच माल विकणाऱ्या मोबाइलवरच्या एका संस्थेत भागीदार म्हणून घातला. त्या संस्थेला अध्यक्ष नाही, कचेरी नाही; गावोगावचे गट मिळून ती चालवतात. नवा गट यायचा तर आतल्या एका गटाने त्याची हमी घ्यायची, मग सगळ्यांनी मोबाइलवर मत द्यायचं. सोडून जायचं तरी तसंच, कारण लिहायचं आणि मतं घ्यायची. "मालकच नाही? मग ओरडायचं कोणावर?" मी विचारलं. "माझ्यावर ओरड गो," मंदा म्हणाली, "सवय आहे तुला."

मग एका प्रदर्शनात तिला फिलोमिना भेटली. तिच्या गटाची हमी आमच्या गटातर्फे मंदाने स्वतःच्या नावावर घेतली. दोघींचं हसणं जिन्यापासून ऐकू यायचं... मत द्यायची वेळ आली तेव्हा मी मोरीत जाऊन 'नाही'चं लाल बटण दाबलं. निवडणुकीसारखं हेही गुप्त असतं, अशी माझी समजूत. बटणाखालची इंग्रजी यादी मला वाचता येत नव्हती. बाकी सगळ्यांचं 'हो' आलं. मंदाने पेढा आणून माझ्या तोंडात घातला. मीही खाल्ला.

परवा फिलोमिना मंदाची कात्री द्यायला आली. मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. म्हणाली, "आमचा गट सोडतोय. हमी मंदाच्या नावावर होती, ती नाही, आता कोण घेणार? मतदान सुरू झालंय. तू सुटलीस, शालन."

"म्हणजे?"

तिने मोबाइलवर जुनी यादी काढून बोट ठेवलं. "हे तुझं नाव. इथे सगळ्यांचं मत सगळ्यांना दिसतं गं. एकच 'नाही' होतं."

माझे कान तापले. "मंदाने बघितलं होतं?"

"तिनेच मला दाखवलं. म्हणाली, तिच्यावर रागवायचं नाही. तिला मी अख्खी लागते."

म्हणजे पेढा भरवतानाही तिला ठाऊक होतं... आणि हे ती मला नाही, हिला बोलली! पुन्हा तीच जळजळ. माझ्या मंदाचं असं आणखी किती हिच्याकडे आहे? गुरुवारची सगळी मंदा हिच्याकडेच. ही गेली तर ती मला कोण सांगणार?

मी माझा मोबाइल काढला. "तुम्ही जाऊ नये असं वाटलं तर लालच ना?" विचारलं, आणि तिच्यासमोरच दाबलं. "हमी आमचा गट घेईल. बाकीच्या बायकांशी मी बोलते."

"तू बोलणार?" फिलोमिना बघतच राहिली.

कात्री मी तिलाच परत दिली. गुरुवारी घेऊन इकडे ये, इथे बसून बेत, म्हटलं. मुठीची चिंधी तेवढी सोडवून घेतली. ती माझ्या साडीची आहे, मीच बांधली होती. मंदाच्या बोटांचे ठसे आहेत तिच्यावर अजून. ती नाही द्यायची कोणाला.